सात नंबरचा कॉलम

मी जात्याच भित्री. लिफ्टची भीती, मांजराची भीती, बँकेतून फोन आला तरी हातपाय गार पडतात. पण ही भीती वेगळी होती. ती मी स्वतःच माऊसने ओढून उभी केली होती आणि वर तिला रंगही दिला होता.

टॉवेलच्या एका कारखान्यात मी ऑफिसात कामाला आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याच कारखान्यात मागावर. मला नोकरी लागली तीही त्यांच्याच शब्दावर. माझं टेबल आणि त्यांचे माग यांच्यामध्ये एक काच आहे. खटखटाट तिला जुमानत नाही, पण निदान कापसाची धूळ तरी अडते.

तेव्हा कारखान्यात डॅमेज फार निघत होतं. धागा सुटला, मध्येच विरळ रेघ आली, की तो टॉवेल डॅमेज. एका सकाळी मालक माझ्या टेबलाशी आले.

"प्रत्येक जोडीचं डॅमेज एका चार्टवर दाखव. लांबनं बघितलं तरी कळलं पायजे. आणि जरा देखणं कर की. एक माणूस कमी करायचाय, कुठला ते दिसू दे."

चहा सांगावा तसं सांगून ते निघूनही गेले.

आमच्याकडे एका माणसाकडे मागांची एक जोडी असते, आणि सात नंबरची जोडी आप्पांची. मी स्प्रेडशीटमध्ये आकडे भरले, कॉलम चार्टवर क्लिक केलं, आणि सात नंबरचा कॉलम बाकीच्यांना खाली टाकून सरळ वर गेला. घरी गेले काही महिने आप्पा ताटात चटणी चाचपत होते, तांब्या ठेवताना काठावर ठेवत होते. आई म्हणायची, वय झालं. मीही तेच म्हणायचे. त्यापलीकडे विचार करायला मला भीती वाटायची, आणि भीती वाटली की मी विचार करत नाही, हा माझा जुना उपाय.

जरा धीर करून चार्ट नीट पाहिला तेव्हा लक्षात आलं, डावीकडची मापाची रेघ शून्यापासून सुरूच होत नव्हती. सॉफ्टवेअरने आपल्या मनाने खालचा मोठा भाग छाटून टाकला होता. सगळ्यांचे पाय कापले तर उरलेल्या धडांमधला फरक मोठा दिसणारच. मी सेटिंगमध्ये जाऊन रेघ शून्यावर आणली. सगळे कॉलम एकदम उंच झाले. सात नंबर तरीही सर्वांत वर होता, पण आता इतरांच्या रांगेत उभा राहिल्यासारखा वाटत होता. मला जरा श्वास घेता आला.

चार्ट खोटा करायचे मार्गही होते, आणि मी ते एकूण एक उघडून पाहिले. कॉलम ठोकळ्यांसारखे करून चार्ट थोडा फिरवला की सात नंबर सहाच्या मागे अर्धा लपत होता. प्रत्येकाला वेगळा भडक रंग दिला की बघणाऱ्याची नजर नुसती भिरभिरत होती. यातलं मी काही ठेवलं नाही. फार प्रामाणिक आहे म्हणून नव्हे. पकडले गेले असते तर बापलेक दोघंही घरी बसलो असतो.

मग मात्र चार्ट मनापासून केला. मागच्या आडव्या रेघा काढल्या, कॉलममधली फट कमी केली, सगळ्यांना एकच गडद निळा रंग दिला, आमच्या टॉवेलच्या काठाला असतो तसा. प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर त्याचा आकडा लिहिला. खाली जोड्यांचे नंबर ठळक आणि इतके मोठे केले की कागदाचा खालचा पट्टा त्यांनीच भरला. चांगला झाला होता. भीतीनेही माणूस नीटनेटकं काम करतो.

मालकांनी कागद हातात धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "फरक कुठं दिसतोय? सगळी सारखीच की."

"फरकच तेवढा आहे, मालक. कॉलम शून्यापासूनच काढायचे असतात, नाहीतर उगाच कुणीतरी राक्षस दिसतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सात नंबर तुझ्या आप्पाचा न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले. ऑफिसात मी कधी 'व्हय' म्हणत नाही.

त्यांनी सात नंबरच्या डोक्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. मग कागद परत माझ्या हातात दिला. "भाईर लाव. बघू देत सगळ्यांना."

जेवणाच्या सुट्टीत मी चार्ट पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीवर चिकटवला. एक माणूस कमी होणार ही कुणकुण सगळ्यांना होतीच; माणसं हात धूत तिथूनच आपापला नंबर शोधत होती. एकजण तर दारातूनच ओरडला, "चार नंबर, वाचलो बघा!" आप्पा सगळ्यांत शेवटी आले. भिंतीजवळ गेले, आणखी जवळ गेले, नाक कागदाला लागेपर्यंत.

"लई छान केलंस गं," ते म्हणाले. मग सर्वांत उंच कॉलमवर बोट फिरवलं. "ही कुणाची जोडी? खाली बारीक लिवलंयस, दिसत न्हाय."

त्यांच्या बोटाखाली माझ्या तळहाताएवढा सात होता.

सुट्टी संपली, माग सुरू झाले, आणि मी पहिल्यांदाच काचेला चिकटून आप्पांकडे बघत उभी राहिले. आमचे माग जुने. ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला तर ते आपोआप थांबत नाहीत, विणकराने बघून थांबवायचे असतात. आप्पा बघत नव्हते. चालू मागावर ओणवं होऊन ते बोटांनी तुटलेला धागा शोधत होते, आणि आडवा धागा नेणारा टोकदार धोटा त्यांच्या बोटांजवळून इकडून तिकडे धावत होता.

मी धावतच मालकांच्या खोलीत गेले. दार वाजवायचंही भान राहिलं नाही.

"मालक, आप्पांना मागावरनं उतरवा. आत्ताच्या आत्ता."

ते हसले. खरंच प्रेमाने हसले. "घाबरू नको गं. कुणालाच काढत न्हाय मी. फरक तेवढा न्हाय, तूच पटवलंस की."

काचेपलीकडे माग चालूच होते.

"त्यांना दिसत न्हाय, मालक," मी म्हणाले. आमच्या घरात हे वाक्य तोवर कुणीच उच्चारलं नव्हतं.