एमेटच्या नावावर आठ टक्के

आमचा एमेट सायकली दुरुस्त करतो आणि निर्णय कशाचाच घेत नाही. आइस्क्रीमच्या दुकानात अर्धा तास पाट्या वाचून शेवटी पाणी पिऊन परत येणारा माणूस अख्ख्या बर्कलीत हा एकच. जोसलिन शेजारी वाट बघत बसते, तिच्या कपातला चहा थंड होतो, आणि तरी गेली काही वर्षं ती त्याच्याबरोबरच आहे. मला तिची कीव येते आणि त्याचा राग.

आमच्या या भाड्याच्या घरात बाकी सगळ्यांना अंदाजांच्या बाजाराचं वेड. दूध गुरुवारपर्यंत नासेल का, घरमालक नळ बसवेल का, काहीही असो, आमच्यातला रसेल फोनवरच्या बाजारात प्रश्न टाकतो आणि आम्ही खेळातल्या नाण्यांनी 'हो' किंवा 'नाही' विकत घेतो. 'हो'ला गिऱ्हाईक वाढलं की 'हो'चा भाव, म्हणजे शक्यतेचे टक्के, चढतात; 'नाही'ला वाढलं की उतरतात. ज्याला आतली खबर आहे त्याने तर नाणी लावायलाच हवीत, हा इथला धर्म. पण कुणी काय लावलं ते कळू नये म्हणून सगळ्यांनी टोपणनावं घेतलेली.

एका रविवारी पॅनकेक खाताना एमेटने पहिल्यांदाच माझ्या फोनमध्ये डोकावलं. प्रश्न होता, 'एमेट नाताळाआधी जोसलिनला लग्नाचं विचारेल का?' भाव आठ टक्के.

"आठ? अगं वैजू, दूध नासायला चाळीस दिलेत तुम्ही!"

"दूध वेळेवर नासतं," मी म्हटलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "मार्चपासून अंगठी हत्यारांच्या पेटीत पडलीय. चांगला दिवसच सापडत नाही."

"मग लाव की नाणी! कळू दे बाजाराला."

आणि पठ्ठ्याने खरंच लावली. नव्या माणसाला मिळतात ती हजारच्या हजार नाणी 'हो'वर. भाव टुणकन नव्वदवर गेला. शेजारी नाव झळकलं : एमेट लिंडक्विस्ट.

"अरे गाढवा, खरं नाव टाकलंस?"

"त्यांनी नाव विचारलं, मी दिलं!"

वरच्या मजल्यावर फोन वाजले. जोसलिन तोंडात ब्रश घेऊनच खाली आली, मागोमाग रसेल.

"एमेट," ती ब्रश काढून म्हणाली, "तुला काही विचारायचंय का?"

"म्हणजे... आज रविवार आहे..."

"सत्तर," रसेल फोनमध्ये बघत म्हणाला. "मी विकतोय बाबा."

"पॅनकेकही गार होतायत..."

"चाळीस! दुधाच्या भावाला आलास!"

मला वाटलं, बोंबललं. तेवढ्यात एमेटने पेटी आणून टेबलावर पालथी केली. नटबोल्ट पॅनकेकवरच्या पाकात पडले. त्यातली अंगठी वेचून त्याने पाकासकट पुढे धरली. "करशील माझ्याशी लग्न?"

जोसलिन मटकन खुर्चीत बसली. "बुडाले मी! आता तीनच नाणी उरली."

"तू 'नाही'वर लावली होतीस?" एमेट ओरडला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही सगळे महिनोन्‌महिने 'हो' घेत होतो, आणि 'थंडचहा' नावाचं कुणीतरी भाव पुन्हा खाली ओढत होतं. त्या मेल्याला मी किती शिव्या घातल्या होत्या!

"तू विचारलंच नसतंस," जोसलिनचे डोळे भरून आले, "तर निदान हातात काहीतरी राहिलं असतं."

मला फार वाईट वाटलं. रसेलला मात्र कुठला धीर! त्याने नवा प्रश्न टाकला, 'जोसलिन हो म्हणेल का?'

एमेट चिकट अंगठी धरून उभाच. जोसलिनने फोन उचलला, 'थंडचहा' पुसून तिथे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आणि उरलेली तिन्ही नाणी 'हो'वर लावली.