कॉइल माझ्या ओटीत होती

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. गॅरेजवाल्याच्या बायकोला ते परवडतच नाही. गाडी बंद पडली की तिला कारण असतं... वायर, पाणी, कचरा, काहीतरी असतंच. शोधायचं फक्त. इथले अनुभव वाचतानाही मी मनात म्हणते, ह्याचं कारण असणार, बघणाऱ्यानं नीट बघितलं नाही. म्हणून स्वतःचा लिहायला इतका वेळ लागला. नाव देत नाही. लिहितेय हे घरात कुणाला माहीत नाही.

आमचं गॅरेज महाडला, हायवेच्या कडेला. मागच्या खोलीत आम्ही राहतो. ह्यांना गेली काही वर्षं कमी ऐकू येतं, पण गिऱ्हाइकांना ते कळलेलं नाही. त्याचं कारण मी. हे इंजिन चालू ठेवून सिलिंडरला ठिणगी देणाऱ्या एकेका कॉइलचं कनेक्टर काढतात, मी आत भांडी घासत ऐकते. कनेक्टर काढल्यावर इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर चांगला. काढूनही आवाजात फरक पडला नाही तर तो आधीच मेलेला. मग मी खिडकीतून बोटं दाखवते. दोन बोटं म्हणजे दुसरा. माणसांसमोर यायला मला लाज वाटते, पण माझं बोट आजवर चुकलेलं नाही.

ह्यांचं गाव कुडपण, पोलादपूरच्या वरच्या डोंगरात. कापणीला मी दरवर्षी जाते. तिथे थोरले दीर आणि जाऊबाई असतात. थोरल्या दिरांशी तोंड उघडून बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. मी ती पंचवीस वर्षं पाळली. जे सांगायचं ते जाऊबाईंना सांगायचं, त्या पुढे सांगायच्या. त्या म्हणायच्या, "मी काय तुमचा टेलिफोन हाय काय गो? एक दिवस रेंज गेली म्हणजे कळंल!"

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला भाताचा भारा उचलताना जाऊबाईंच्या पायाला जनावर चावलं. काळं होतं, सरसर बांधाखाली गेलं. दिरांनी लगेच गाडी काढली. मुंबईच्या मुलानं घेऊन दिलेली, जुनी पेट्रोल गाडी. मागच्या सीटवर जाऊबाईंचं डोकं माझ्या मांडीवर. पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शन मिळतं हे सगळ्यांना ठाऊक. प्रश्न वेळेचा होता.

खाली उतरताना एका वळणावर एक दगड आहे. प्रत्येक गाडीवाला तिथे थांबतो, झाडाचा पाला ठेवतो आणि पुढे जातो. त्या दिवशी थांबलो नाही. दोन वळणं पुढे गेलो आणि गाडीनं झटके द्यायला सुरुवात केली. एक्सिलरेटर दाबला की गचके, समोर इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला, मागून कच्च्या पेट्रोलचा वास.

दिरांनी गाडी थांबवली. चेहरा पांढरा पडला होता. "पाला नाय ठेवला... म्हणून झालं. मागं फिराया पायजे."

मला तर ऐकूनच कळलं होतं. चार जणी भात झोडतायत आणि एकीचा हात पडतच नाही — तसा आवाज. मी जाऊबाईंच्या कानाशी वाकले. "अक्का, दादांना सांगा, कॉइल गेलीय, मागं जाऊ नका."

त्यांच्या पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या. जीभ जड झाली होती. त्यांनी तोंड उघडलं, शब्द फुटेना. मग कसंबसं म्हणाल्या, "तू... बोल."

"दादा," मी म्हणाले, "मागं जायाचं नाय. बॉनेट खोला. इंजिन चालू ऱ्हाऊ द्या."

दीर वळून बघतच राहिले. मग त्यांनी बॉनेटचा खटका ओढला.

जाऊबाईंचं डोकं सीटवर टेकवून मी उतरले. पहिलं कनेक्टर काढलं, इंजिन थरथरलं. लावलं. दुसरं काढलं... काही फरक नाही. इंजिन बंद करायला लावून गाडीतल्या दहाच्या पान्यानं दुसरी कॉइल उपसली. खालच्या बाजूला केसासारखा तडा, आत काळी रेघ. कॉइल मेलेलीच होती. बदली कॉइल तिथे कुठून आणणार? त्या सिलिंडरला जाणाऱ्या पेट्रोलचंही कनेक्टर काढलं, म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तो तापणार नाही. कॉइलच्या रिकाम्या भोकात रुमालाचा बोळा कोंबला. कॉइल परत बसवण्यात वेळ न घालवता ती ओटीत टाकली आणि बसले.

"तीनावर चालंल. एसी बंद, एक्सिलरेटर हळू."

"आणि वढ्याच्या पुढला चढ? माणसं भरली का चारावर पण रडते ही."

मी जाऊबाईंचं डोकं परत मांडीवर घेतलं. तीनावर तो चढ होणार नाही हे मलाही कळत होतं.

उतारभर गाडी लंगडत चालली. जाऊबाईंचा श्वास उथळ होत होता, मी त्यांना हाका मारत होते. ओढा ओलांडला. चढ सुरू झाला, दिरांनी दुसरा गियर टाकला, इंजिन गुदमरलं. आता बंद पडणार असं वाटलं तेवढ्यात... आवाज भरला.

कसं सांगू? चौथीचा हात पडायला लागला. स्पष्ट. थरथर थांबली, समोरचा पिवळा दिवा विझला. गाडी तो चढ अशी चढली जशी नवीन असताना चढली असेल. दिरांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी ओटीत हात घातला. कॉइल होती. गरम नाही, गार.

"बाय," दीर दबक्या आवाजात म्हणाले, "चार चालतायत काय?"

"चार," मी म्हणाले. "गाडी थांबवू नका."

दवाखान्याच्या आवारात शिरेपर्यंत चार चालले. तिथल्या लोकांनी जाऊबाईंना धावत आत नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर श्वास थांबला असता.

दुपारी हे महाडहून बाईकवर आले. आधी वहिनींना बघून आले, मग बॉनेट उघडलं. रुमालाचा बोळा जागेवर. पेट्रोलचं कनेक्टर लोंबकळत होतं. ह्यांनी स्टार्टर मारला. गाडी थडथडली, दिवा लुकलुकला. तीन!

"उतार असेल," हे म्हणाले.

"चढ व्हता," दीर म्हणाले.

"मग तुझे कान..." ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं. इतकी वर्षं माझ्या बोटावर गाड्या उघडल्या, आता काय म्हणणार? पहिल्या कॉइलचं कनेक्टर काढलं, तिसऱ्याचं काढलं, प्लग बघितले, पेट्रोलची नळी बघितली. आजवर मी कुणाला सांगितलं नसेल इतक्या बारकाईनं त्यांना सगळं सांगितलं. संध्याकाळपर्यंत काही सापडलं नाही. नवी कॉइल बसवली, गाडी नेहमीसारखी चालायला लागली.

दिरांना काय वाटतं ते त्यांचं त्यांना माहीत. मी विचारलं नाही. आता विचारू शकते, तरी नाही.

जाऊबाई आठ दिवसांनी घरी आल्या. एकदा अंगणात बसून मी त्यांना हे सगळं सांगितलं, अगदी कनेक्टरसकट. त्यांनी ऐकून घेतलं. "चढली नव्हं? मी हाय नव्हं? मंग पुरे की गो."

त्यांना पुरतं. मला पुरत नाही. ठिणगी नाही, पेट्रोल नाही, आणि सिलिंडर चालतो — ह्याला कारण असलं पाहिजे. मी ते शोधलं, ह्यांनी शोधलं. अजून तरी मिळालेलं नाही.