कोरडी लादी, ओली गादी

हे लिहावं की नाही, बरेच दिवस ठरत नव्हतं. आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं असलं कधी चाललंच नाही. कुणी असं काही सांगायला लागलं की आधी हसणारी मीच!

परळला, हिंदमाताच्या मागच्या सखल गल्लीत आमची चाळ. खोली तळमजल्यावर. दोन वर्षांपूर्वी आईची डावी बाजू लुळी पडली, तेव्हापासून ती खाटेवरच. वादळाचा इशारा आला की आम्ही तळमजलेवाले खाटेच्या पायांखाली विटा लावतो. आमच्या एकेका पायाखाली दोन. माझ्या जन्माआधीपासून दोनच! त्या सकाळीही दोन लावल्या, दार ओढून घेतलं आणि साड्यांच्या दुकानात कामाला गेले. आईला बघायला वरच्या सावंतकाकू होत्याच.

वारा वाढला म्हणून शेठने एक वाजताच शटर ओढलं. एरवी आठशिवाय सुटका नाही. घरी आले. लादी खडखडीत कोरडी... आणि आई गळ्यापर्यंत चिंब! गादी निथळत होती. पाणी भरल्यावर गटाराचा नि समुद्राचा मिळून जो वास येतो ना, तोच वास.

"काय सांडलंस गं आई?"

"पाणी येऊन गेलं," ती म्हणाली. "किती हाका मारल्या तुला. तू नव्हतीस."

काकू धावत खाली आल्या. "अगो, बाराला मीच भरवलंय तिला. चांगली सुकी होती!"

मला रागच आला होता, खोटं कशाला बोलू. पण कपडे बदलायला तिचा हात धरला, तर बोटांची कातडी सुरकुतलेली — तासन्‌तास पाण्यात असल्यासारखी. माझी पाचावर धारण बसली. शेजारच्या चौघांना बोलावलं, आईला उचलून काकूंकडे नेलं.

चारच्या भरतीला पाणी शिरलं. विटा, खाट, गादी, सगळं बुडालं. जिन्यात उभी राहून मी बघत होते आणि रडत होते.

भाऊ म्हणतो, छत गळलं असेल. छत कोरडं होतं. डॉक्टर म्हणाले, घाम असेल. घामाने गादी निथळते?

आईला आता यातलं काहीच आठवत नाही. पण पुढे आठ दिवस तिचा घसा पार बसला होता, ओरडून ओरडून बसतो तसा. भरवायला खाली आल्या तेवढं सोडलं, तर काकू सकाळपासून बरोब्बर वरच्याच खोलीत होत्या. त्यांनी एकही हाक ऐकली नव्हती.