वाळूवरची साय

रोज सकाळी सासूबाई पाण्याचा पहिला पेला दारात नेऊन उजेडाला धरायच्या. एक डोळा बारीक करून पेला हळूच फिरवायच्या आणि आत काही दिसलं नाही की मगच तोंडाला लावायच्या. नव्यानं घरात आलेल्या सुनेला वाटलं, आपण भरलेल्या पाण्यात खोट काढतायत. मग तिच्या लक्षात आलं, त्या स्वतः भरलेलं पाणीही असंच तपासतात.

हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी धुण्यात त्यांची उभी हयात गेली होती. डाग दिसला की हात शिवशिवायचे. पातेल्यांची बुडं, खिडक्यांच्या कड्या, शेजाऱ्यांची पायरीसुद्धा सुटायची नाही. गल्लीतली पोरं पाठीमागे त्यांना घासूबाई म्हणत आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. "म्हणू देत. आळशी तर म्हणत नाहीत," एवढंच त्या म्हणायच्या.

म्हणूनच गल्लीसाठी वरच्या चढावर ओढ्याचं पाणी गाळण्यासाठी वाळूची टाकी बांधली गेली, तेव्हा ती कुणी सांभाळायची यावर फार चर्चा झाली नाही.

"घासूबाई असताना..." समोरचा शिंपी बोलता बोलता थांबला. "म्हणजे मावशी असताना दुसरं कोण?"

टाकी साधी होती. तळाशी खडी, तिच्यावर बारीक वाळू आणि वाळूवर कायम हातभर पाणी. ओढ्याचं गढूळ पाणी वरून यायचं, सावकाश झिरपायचं आणि खालच्या नळाला नितळ होऊन निघायचं. घरोघरची पोटदुखी कमी झाली. सुनेची लहानगी अंगानं भरली.

पुढे नळाची धार बारीक झाली. टाकी बांधणाऱ्या इंजिनिअर बाईनं बजावलं होतं, की असं झालं तर वरची वाळू नखाएवढी खरवडा, बाकीची हलवू नका. सासूबाईंनी वाकून पाहिलं. वाळूवर तपकिरी, बुळबुळीत थर धरला होता.

"शी! याच्यातून आलेलं पितोय आपण?"

"आई, त्या बाई म्हणाल्या होत्या की नुसतं खरवडा..."

"तिनं धुलाईघरात काम केलंय का? घमेलं आण."

दिवसभर दोघी वाळू उपसत होत्या. सासूबाईंनी ती ब्लीचिंग पावडर घालून चोळचोळून धुतली, टाकीच्या भिंती घासल्या आणि सगळं परत भरलं. दुसऱ्या सकाळी त्यांनी पेला उजेडाला धरला. पाणी इतकं नितळ, की पेला रिकामाच वाटावा. त्या दिवशी त्या गल्लीतून जरा ताठ मानेनं चालल्या.

आठवडा सरायच्या आत पोरं आजारी पडू लागली. शिंप्याचा धाकटा, कोपऱ्यावरची जुळी आणि मग घरातली लहानगी. तिला सलाईन लावावं लागलं. सून हॉस्पिटलातून कपडे न्यायला आली, तर सासूबाई दारात पेला घेऊन उभ्या.

"दिसत तर काही नाही गं," त्या पुटपुटल्या.

इंजिनिअर बाई आली. बाही वर करून तिनं टाकीत हात घातला.

"वाळू कुणी धुतली?"

अख्खी गल्ली जमली होती. सून तोंड उघडणार, तोच सासूबाई पुढे झाल्या. "मी. हिनं फक्त घमेली उचलली, तीही माझ्या धाकानं."

इंजिनिअर बाई ओरडली नाही. ती म्हणाली, "मावशी, दुधावर साय धरते ना, तसा तो थर होता. फक्त जिवंत. आजार पसरवणारे जंतू मुख्यतः तोच संपवतो. कोरी वाळू गढूळपणा अडवते, पण त्या जंतूंपुढे तिचं फारसं चालत नाही. तो थर परत धरायला काही आठवडे लागतील. तोवर पाणी उकळूनच प्या."

"म्हणजे जन्मभर मी बुळबुळ घासली आणि आता तिचीच राखण करू?"

एरवी सगळे हसले असते. शिंपी म्हणाला, "बुजवून टाका ती टाकी. माझं पोर मरता मरता वाचलंय."

शेवटी महिनाभराची मुदत ठरली. तोवर पाणी सुधारलं नाही, तर टाकी बंद. इंजिनिअर बाईनं औषध घातलेल्या छोट्या बाटल्या दिल्या. नळाचं पाणी भरून उबदार कोपऱ्यात ठेवायचं. बाटली काळी पडली तर पाणी वाईट.

पहिली काळी पडली. दुसरीही. लहानगी घरी आली, पण तिच्या हातात पाणी देण्याआधी ते उकळलंय ना, हे सून दोनदा विचारायची. सासूबाई पहाटे उठून पोरं असलेल्या घरांसाठी पाणी उकळायच्या आणि नंतर टाकीच्या कठड्यावर जाऊन बसायच्या. दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"अशा का बसता, आई?"

"या हातांचा भरवसा नाही."

हळूहळू वाळूवर तपकिरी झाक आली, मग बुळबुळीत थर दाटला. मुदत संपत आली तरी बाटली काळीच पडत होती, फक्त पहिल्यापेक्षा फिकी. शिंपी येता-जाता फावड्याची आठवण करून द्यायचा.

आणि एका सकाळी आदल्या दिवशी भरलेली बाटली होती तशीच राहिली. सासूबाई ती घेऊन थेट शिंप्याच्या दारात गेल्या.

"धर. तूच बघ. नुसत्या नजरेला मी एकदा फसलेय."

शिंप्यानं चष्मा लावला. बाटली खिडकीशी नेली, दिव्याखाली धरली. पुढचे दोन दिवस त्यानं स्वतः बाटल्या भरल्या. त्याही काळ्या पडल्या नाहीत, तेव्हा कळशी उचलून तोच सगळ्यांच्या आधी नळाशी गेला. "फावडं घरी राहिलं माझं," जाता जाता तो म्हणाला. सासूबाई त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसल्या.

पुढची अनेक वर्षं टाकी त्यांनीच सांभाळली. पेला उजेडाला धरायची सवय सुटली नाही, पण वेळोवेळी बाटली भरल्याशिवाय त्या राहत नसत. टाकीजवळ कुणी झाडू घेऊन फिरकलं तर मात्र त्याची धडगत नसे.

अंथरुणाला खिळल्या, तेव्हा काम सुनेकडे आलं. एका दुपारी ती टाकीवरून परतली आणि त्यांच्या उशाशी ताज्या पाण्याचा पेला घेऊन बसली.

"जास्त नाही ना खरवडलंस?"

"नखाएवढंच, आई. धार आता छान येते."

सासूबाईंनी पेला उजेडाला धरला नाही. सरळ तोंडाला लावला, दोन घोट घेतले आणि परत दिला.

"झाकून ठेव गं," त्या म्हणाल्या, "माशी बसेल."