चिकटपट्टीखालची फरशी

पडदा वर जातो. दुपारचे बारा. तालमीचा लांबट हॉल, खुर्च्या भिंतीला लावून रचलेल्या, उंच खिडकीतून ऊन थेट जमिनीवर. राखाडी मोझॅकच्या फरशीवर पिवळ्या कागदी चिकटपट्टीच्या रेघा. हा सोफा, तो जिना, आणि दरवाजे तीन, कारण दिग्दर्शकाचं मत तीनदा बदललं. मधोमध, प्रेक्षकांकडे पाठ करून, एक म्हातारा माणूस गुडघ्यांवर ओणवा. नखानं पट्टी उकरतोय. पहिलं वाक्य त्याचंच.

"यांना देवानं हात कशाला दिलेत कोण जाणे! चिकटवता येतं, काढता येत नाही."

हे आमचे ओळंबाकाका. हॉलची देखरेख करायचे, पण मूळचे फरशी बसवणारे. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. काकांची नजरच तशी. रंगीत तालमीत मी विग घालून उभी राहिले की विंगेतून आवाज यायचा, "बाई, विग अर्धा इंच डावीकडे."

त्या पट्ट्यांत माझाही वाटा होता. मी तेव्हा आईच्या भूमिकांच्या वयाला आले होते आणि खूण नसली तर सोफ्याऐवजी जिन्यात जाऊन बसायची. काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ही रंगाऱ्यांची पट्टी आहे. दोन दिवसांत काढा. नंतर कागद हातात येतो आणि गोंद फरशीला राहतो." आम्ही सगळ्यांनी शपथ घेतली. शपथ घेण्यात आमचा हात कोण धरणार! चार महिने गेले. ऊन रोज त्या पट्ट्यांवर यायचं आणि त्या भाजून निघायच्या.

आणि त्या दिवशी सकाळी हॉलचे सेक्रेटरी आले, खाली बघितलं आणि म्हणाले, "ही फरशी काही आता सुधारत नाही. पाच वाजता शीटवाला माप घ्यायला येतोय. लाकडासारखी दिसणारी प्लॅस्टिकची शीट टाकून झाकून टाकू."

"पाचपर्यंत सगळं निघालं तर?" काकांनी विचारलं.

"निघू दे, मग बघू."

ते गेल्यावर मी शहाणपणा केला. "टाकू द्या की काका. तुमचा पुसायचा त्रास तरी वाचेल."

काकांनी फरशीवर तळवा टेकवला. "बाई, ही फरशी मी बसवलीय. या हातांनी. आयुष्यभर फरश्या बसवल्या. कुणी वर टाइल्स चढवल्या, कुणी संगमरवर, एकानं तर अख्खी इमारतच पाडली. माझ्या हातची उघडी राहिलेली आता ही एकटीच आहे."

मी पदर खोचला आणि खाली बसले.

मेकअपच्या पेटीतला हेअर ड्रायर काढला. काकांनी पट्टीवर गरम वारा सोडायचा, गोंद मऊ झाला की मी टोक धरून हळूहळू, जमिनीलगत ओढत न्यायचं. एक हात लांब पट्टी सबंध निघाली की मला जणू 'वन्स मोअर' मिळायचा. तेवढ्यात आमचा हीरो आला. तालमीला कायम उशीर, पण मदतीला उत्साह दांडगा. त्यानं पट्टी धरली आणि तलवार उपसावी तशी खेचली. कागद हातात, गोंद जागच्या जागी.

"शाबास," काका म्हणाले. "आता तो गोंद तुझा. आयुष्यभर सांभाळ."

हीरो हिरमुसला नाही. कुठूनतरी थिनरची बाटली घेऊन आला. काकांनी ती झडप घालून हिसकावली. "अरे, हे ओतलंस की गोंद विरघळून फरशीच्या पोटात जाईल आणि पॉलिश जाईल ते वेगळंच! जा, बाहेर जाऊन संवाद पाठ कर. तेवढं तरी कर!"

मग साबणाचं पाणी झालं, गरम पाणी झालं. गोंदाची नुसती खळ झाली. बोट लावलं की बोट चिकटायचं, फडकं लावलं की फडकं. साडेतीन वाजले. काका मागे भिंतीला टेकले, गुडघे दाबत. एकाएकी माझ्याकडे वळले.

"बाई, नाटक सुटल्यावर तोंडाचा रंग कशानं काढता?"

"तेलानं."

"मग सकाळपासून तोंडाला काय कुलूप होतं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"चाळीस वर्षं तोंड पुसतेय ही बाई," काका छताकडे बघून म्हणाले, "आणि मला इथे नखं झिजवायला लावतेय!"

माझी तेलाची बाटली त्या दिवशी रिकामी झाली. तेल चोळायचं, पाच-सात मिनिटं थांबायचं, जास्त नाही, नाहीतर फरशी तेल पिते. मग प्लॅस्टिकच्या जुन्या फूटपट्टीनं गोंद लोटायचा आणि लगेच साबणानं धुवायचं. तीन दरवाजे गेले, जिना गेला. पाचला दहा कमी असताना सोफा गेला. आम्ही दोघं उठलो, म्हणजे एकमेकांना धरून उठलो, आणि बघितलं.

पट्ट्या दिसतच होत्या! गोंद नव्हता, पण जिथे जिथे पट्टी होती तिथे फरशी चकचकीत आणि बाकी सगळीकडे मळकट. सोफा, जिना, तिन्ही दरवाजे, सगळं नेपथ्य जागच्या जागी उजळून उभं. मला रडूच कोसळायचं बाकी होतं.

नेमके सेक्रेटरी आत आले, मागे शीटवाला. "बघा, मी म्हटलं नव्हतं? डाग तसेच आहेत."

"डाग नाहीत ते, साहेब," काका म्हणाले. "तेवढीच फरशी स्वच्छ आहे. डाग आहे तो बाकीच्या फरशीवर."

सेक्रेटरी वाकले. चकचकीत रेघेवरून बोट फिरवलं, मग शेजारच्या मळकट भागावरून, आणि बोट उलटून बघितलं. मोझॅकचे पांढरे, काळे, हिरवट खडे त्या रेघेत स्वच्छ दिसत होते. मग शीटवाल्याकडे न बघताच त्याला म्हणाले, "आज राहू दे." शीटवाला मापाची टेप गुंडाळून निघून गेला.

"सगळी अशी व्हायला किती दिवस लागतील?" सेक्रेटरींनी विचारलं.

"आठ दिवस," ओळंबाकाका म्हणाले. "पण साहेब, आधी ते बूट काढून बाहेर ठेवा. आत्ताच पुसलंय."