दहा काढायचे राहिले

आमच्या ताईचं घरातलं नाव काटकोन. भिंतीवरची तसबीर जराशी कलली की ती भरल्या ताटावरून उठायची. बाबा मुद्दाम सोफ्यावरच्या उशा तिरक्या ठेवायचे आणि दाराची घंटा वाजली की ओरडायचे, "काटकोन आली, पाय सरळ करा रे!"

तिला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा आम्हाला कुणाला नवल वाटलं नाही. पहिल्या वर्षी तिने जीव ओतून एका घराचा नकाशा काढला. सरांनी तो उचलला, बराच वेळ बघितला आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, "हे न्हाणीघराचं दार उघडलं की बेसिनवर आपटतंय. तुमच्या घरातली माणसं आंघोळीला खिडकीतून जाणार का?"

वर्ग खो खो हसला. ताई घरी येऊन पालथी पडली.

"अगं, दार बाहेरच्या बाजूला उघडायचं मग," आई म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"तसं नसतं गं आई ते!"

"मग कसं असतं?"

ताईला सांगता येईना. कारण ते तसंच होतं.

चुकलं की ती अशीच. चूक कबूल करायला तिचा नकार नसायचा, पण आधी तिला ती कुणी बघितली नाही ना याची खात्री हवी असायची. पाच वर्षांत ती हुशार झाली, हात सफाईदार झाला, रात्रंदिवस पुठ्ठा कापून बोटं चिरली. ही सवय मात्र तिच्याबरोबर पास होत गेली.

पदवी मिळाली म्हणजे आर्किटेक्ट झालीस, असं आम्हाला वाटलं होतं. ताईने समजावलं, पदवीनंतर दोन वर्षं परवाना असलेल्या आर्किटेक्टच्या हाताखाली काम करायचं, महिन्याचं काम एका वहीत लिहायचं, त्यावर दर महिन्याला सही घ्यायची. चोवीस सह्या झाल्या की परवान्याच्या परीक्षेला बसता येतं. तोवर तो शब्द नावापुढे लावायचा नाही. शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "काय आर्किटेक्टबाई!" ताई तिथल्या तिथे दुरुस्त करायची, "शिकाऊ हो आजी, शिकाऊ." एवढी काटेकोर.

तिचं ऑफिस म्हणजे एका छापखान्याच्या वरची लांबट खोली. चार टेबलं, एक प्रिंटर, आणि मॅडम. मॅडमचं बोलणं मोजकं. ऑफिसात एक लांब टेप होता, त्याचं तोंड कधीतरी दारात सापडून तुटलेलं. नवीन आणायचा राहून गेला होता, म्हणून सगळे दहाच्या खुणेवरून माप धरायचे आणि आलेल्या आकड्यातून दहा सेंटिमीटर वजा करायचे. एकजण मोजायचा, दुसरा लिहिता लिहिता विचारायचा, "दहा काढले?" दिवसातून पन्नास वेळा. ताई झोपेतही बरळायची, "काढले, काढले."

या ऑफिसचं लाकडी काम एक जोडपं करायचं. मिस्त्री कापायचे, काकू मोजायच्या. पेन्सिल दोघांच्याही कानामागे. ऑफिसातून नकाशा गेला की काकू आपला छोटा टेप घेऊन जागेवर जायच्या आणि एकेक माप ताडून बघायच्या. प्रत्येक नकाशाच्या तळाला तशी ओळच छापलेली असते: सर्व मापे जागेवर तपासून घ्यावीत. बरेच सुतार ती वाचत नाहीत. काकू वाचायच्या.

तेविसावी सही झाली त्या महिन्यात एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं काम आलं. दोन खांबांच्या मध्ये एक कोनाडा होता, त्यात औजारांचं कपाट बसवायचं होतं. ताई एकटीच मापं घ्यायला गेली, कारण बरोबरच्या मुलीला ताप होता. नकाशा झाला, मिस्त्रींकडे पोचला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला. मी ताईच्या समोरच बसून वाटाणे सोलत होते. फोन स्पीकरवर होता.

"ताई, ते कपाटाच्या कोनाड्याचं. कागदावर दोनशे चाळीस लिहिलंय. मला दोनशे तीस भरतंय."

"नाही काकू, दोनशे चाळीसच आहे."

"दोनदा मोजलं मी."

"टेपच्या डबीचं माप धरलंत का? टेप आत उभा करून मोजलं की डबीची लांबी वर मिळवावी लागते. ती राहिली असेल तुमची."

"धरली होती असं वाटतंय."

"वाटतंय ना? बघा!"

"राहिली असेल बाई मग. तू शिकलेली आहेस."

फोन ठेवल्यावर ताई हसली. "वीस वर्षं टेप धरतायत आणि डबी विसरतात." मीही हसले. हे मी आवर्जून लिहितेय, कारण नंतर मी तिला बरंच काही सुनावलं आणि तेव्हा स्वतःचं हसणं सोयीस्करपणे विसरले.

कपाट बसवायच्या दिवशी मॅडम आणि ताईसमोर चार माणसांनी ते दवाखान्यात आणलं. पॉलिश केलेलं, कप्प्यांना मखमल लावलेलं. ते कोनाड्यात जाईना. एका बाजूने लावून बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं दाबा ना!" मिस्त्रींनी खिशातून टेप काढला. आधी कपाट मोजलं, मग कोनाडा. दोनशे चाळीस. दोनशे तीस.

ताई सांगते, तेवढ्यात तिला सगळं समजलं. ती एकटी होती. 'दहा काढले?' असं विचारणारं कुणी नव्हतं.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "मिस्त्री, नकाशाखालची ओळ वाचता ना? जागेवर माप तपासलं नाही?"

काकूंनी तोंड उघडलं. मिस्त्रींनी त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि ताईकडे बघितलं. रागाने नाही. बसमध्ये आपण म्हातारीला जागा देतो का, हे शेजारचा बघतो ना, तसं. वाट बघितली त्यांनी.

ताई आपल्या चपलांकडे बघत राहिली.

"चुकलं मॅडम," मिस्त्री म्हणाले. "सहा दिवस द्या. दुसरं करतो."

"इतकी वर्षं काम करता, आणि हे?" मॅडम म्हणाल्या. गाडीत बसताना त्या ताईला म्हणाल्या, "शाळेच्या वाचनालयाचं काम यांना द्यायचं होतं. आता दुसरा सुतार बघू."

त्या दिवशी ताई घरी आली आणि जेवली नाही. मला गच्चीवर नेऊन तिने मापांची वही उघडली. सगळ्या आकड्यांपुढे बारीक अक्षरात वजा दहा केलेलं. कोनाड्याचा आकडा मात्र एकटाच, गोल केलेला.

"मग सांगून टाक ना मॅडमना."

"शुक्रवारी शेवटची सही आहे."

"मग?"

"मग काय? शुक्रवारी सही आहे."

"ताई, त्या बाईने फोन करून सांगितलं होतं तुला! मी ऐकलंय!"

"हळू बोल!"

"त्यांचं पुढचं काम जातंय तुझ्यामुळे."

"माहीत आहे मला!" ती ओरडली आणि लगेच आवाज खाली आणून म्हणाली, "माप तपासणं त्यांचंच काम असतं. तसं लिहिलेलं असतं खाली."

"त्यांनी तपासलं होतं."

नंतरचे चार दिवस ती मला टाळत होती. बाबांनी उशी तिरकी ठेवली तरी ती सरळ करेना. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "प्रेमबीम आहे का गं काही?" मी म्हटलं, "नाही. सुतारकाम आहे."

शुक्रवारी मॅडमनी चोविसावी सही केली. ताई वही हातात घेऊन तिथेच उभी राहिली.

"काय गं?"

"एक सांगायचं होतं." आणि तिने सांगितलं. टेपचं, एकटी गेल्याचं, फोनचं, डबीचं, दवाखान्यातल्या गप्प बसण्याचं.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "सही होईपर्यंत थांबायचं, हे ठरवून आली होतीस?"

"हो."

मला वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यात अवघड वाक्य हेच असेल. एकाच अक्षराचं.

"ही सही तू काम केलंस याची आहे. काम तू केलंयस. ती मी खोडणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण शेवटचं पान कोरं आहे. त्यावर हे सगळं लिही. मी खाली सही करते. परीक्षेला वही जाईल तेव्हा ते पानही जाईल."

ताईने लिहिलं. मॅडमनी वाचलं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "'सुताराच्या पत्नीने शंका काढली.' शंका? त्यांनी माप घेतलं होतं, बरोबर घेतलं होतं. तसं लिही."

ताईने खोडून तसं लिहिलं.

पुढे परवान्याच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं आणि बाकी चोवीस महिन्यांवर एक प्रश्न विचारला नाही. ताई घामाघूम होऊन बाहेर आली. पास झाली, पण तिने आईला पेढे वाटू दिले नाहीत. तो पुढचा भाग. त्याआधी, त्याच शुक्रवारी, मॅडमनी मिस्त्रींना फोन करून शाळेचं काम त्यांनाच दिलं आणि ताईला म्हणाल्या, "तू जाऊन ये."

जाताना ताई मला सोबत घेऊन गेली. एकटीने जायचा तिला धीर नव्हता.

कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. लाकडाच्या भुशाने आमच्या चपला पिवळ्या झाल्या. मिस्त्री दाराशीच भेटले, चेहरा उजळलेला. "या या ताई! मॅडमचा फोन आला. वाचनालय आपल्याकडेच. मी म्हटलंच होतं, ताई सांगतील. बसा, चहा टाकतो."

"मिस्त्री, मला माफ करा. मी तेव्हा…"

"झालं गेलं हो. माणूस आहे, चुकतंच." आणि ते आतल्या खोलीत गेलेसुद्धा. स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला. ताईने माझ्याकडे बघितलं. तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलं, असं मला दिसलं. आता चहा घ्यायचा आणि सुटायचं.

काकू खिडकीपाशी एका फळीची कड पॉलिशपेपरने घासत होत्या. आम्ही आल्यापासून त्यांनी मान वर केली नव्हती.

"मॅडमना सांगितलंस," त्या म्हणाल्या. "बरं केलंस."

"हो काकू."

"यांनाही सांगितलंस. मी ऐकलं."

"हो."

खर्र, खर्र. फळी घासणं चालूच. "मला कधी सांगणार?"

ताईने मिस्त्री गेले त्या दाराकडे बघितलं.

"चुकलं कोणाचं, ते मला दवाखान्यातच कळलं होतं. त्याचं काही नाही," काकू म्हणाल्या. "पण त्या दिवशी तुझा फोन ठेवला आणि मी परत त्या कोनाड्यापाशी गेले. तिसऱ्यांदा मोजलं. डबी धरून. दोनशे तीस. तरी घरी येऊन यांना म्हटलं, माझंच चुकतंय, ताई म्हणते तसं कापा. दुसरं कपाट करताना हे रोज मला म्हणत होते, आता तुझं माप नक्की ना, तपासून घे बरं का. चेष्टेत हां. तरी म्हणत होते."

"काकू, तुमचं माप बरोबर होतं," ताई म्हणाली. अगदी हळू.

काकूंनी पहिल्यांदा वर बघितलं. पॉलिशपेपर खाली ठेवला.

"जरा मोठ्याने बोल. आत स्टोव्ह चालू आहे, त्यांना ऐकू जात नाही."

ताईचे कान लाल झाले. मी जमिनीकडे बघायला लागले, कारण त्या दुपारी वाटाणे सोलताना हसलेली मीच होते.

"काकूंचं माप बरोबर होतं!" ताई मोठ्याने म्हणाली. "डबी धरलेली होती त्यांनी! मी उगाच त्यांना चुकीचं ठरवलं!"

आतला स्टोव्हचा आवाज बंद झाला. मिस्त्री हातात पातेलं घेऊन दारात येऊन उभे राहिले. एकदा बायकोकडे, एकदा ताईकडे बघत.

काकू त्यांना म्हणाल्या, "ऐकलंत ना? आता चहा आणा."