आत्याच्या चष्म्याचं घर

माझ्या आत्याला काहीही द्या, ते तिच्याकडे राहत नाही. हरवत नाही, मोडत नाही. ती देऊन टाकते. दिवाळीला मी घेतलेली साडी भाऊबीजेला तिच्या कामवाल्या बाईंच्या अंगावर. पंचाहत्तरीची शाल शेजारणीच्या सासूच्या मांडीवर. वर पुन्हा, "मला कशाला गं इतकं? त्यांना थंडी वाजते." मी चिडते, दोन दिवस फोन करत नाही. तिसऱ्या दिवशी तीच फोन करते आणि काही झालंच नाही अशा आवाजात विचारते, "जेवलीस का?"

कल्याणच्या तिच्या दोन खोल्यांत मी कॉलेजची चार वर्षं काढली. आईवडील कोकणात, गावी. इथे माझं म्हणून जे काही होतं ते आत्या. आता मी ठाण्याला वर्तकनगरात राहते, केस रंगवायचेही सोडून दिलेत, तरी तिच्या घरात मी दिलेली एकही वस्तू नाही याचं मला वाईट वाटायचं. वाईट वाटायचं म्हणजे राग यायचा. माझं ते दोन्ही एकदमच होतं.

गेल्या हिवाळ्यात आत्या स्वतःच्याच चष्म्यावर बसली. वर्षातला हा दुसरा. तेव्हा ठरवलं, चष्म्याचं घर करायचं. चामड्याचं, आणि माझ्या हातचं. विकतची वस्तू कुणालाही देऊन टाकता येते. मी रविवारच्या रविवार बसून शिवलेली कशी देईल, बघूच.

कोलशेतला बॅगा शिवणाऱ्या एका कारखान्यातून उरलेला तपकिरी तुकडा मिळाला. शिवायला शिकवलं आमच्या नाक्यावर चपला दुरुस्त करणाऱ्या काकांनी. आधी आरीने एका रेषेत भोकं पाडायची. मग मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून घालून ओढायच्या. माझे टाके दारू प्यायल्यासारखे चालत होते. "ताई, दोरा घट्ट ओढा," काका म्हणाले, "पण त्याच्यावर राग नका काढू."

पहिलं घर इतकं तंग झालं की चष्मा आत जाईचना. मी माप बरोबर घेतलेलं, चामड्याची जाडी धरायची विसरलेले. दुसऱ्यात भोकं चुकली. तिसरं जमलं. ओल्या फडक्याने कडा घासघासून गुळगुळीत केल्या आणि दिवसभर येता-जाता हातात घेऊन त्याचा वास घेत राहिले. खूश होते मी, अगदी लहान मुलीसारखी.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी कल्याणला गेले. आत्याची आंघोळ झाली होती आणि ती पोथी वाचत बसली होती. तिचं देवघर म्हणजे आतल्या खोलीतला एक कोपरा, पण नियम मोठ्या देवळाचे. मी थेट आत जाऊन घर तिच्यापुढे धरलं. तिने हात पुढे केला आणि अर्ध्यावर थांबवला.

"चामड्याचं आहे का गं?"

चार वर्षं मी त्याच खोलीच्या दाराबाहेर, लाकडी स्टुलावर, माझी चामड्याची पर्स ठेवून मगच आत जात होते. एक दिवस चुकले नव्हते. आणि आत्या चष्मा लावते तो मुख्यतः पोथी वाचायला. म्हणजे चष्मा जिथे लागतो, नेमकं तिथेच हे घर चालणार नाही. सहा रविवार घासत बसले, पण ही एवढी गोष्ट डोक्यात आली नाही.

"राहू दे," मी म्हणाले. "दे कुणालातरी. तसंही देतेसच."

हे बोलायला नको होतं. आत्याने अध्याय पुरा केला, पोथी कापडात बांधली आणि उठून बाहेरच्या खोलीत आली. मग माझ्या हातातून ते घर घेतलं, उघडलं, मिटलं, शिवणीवरून बोट फिरवलं.

"हा टाका वाकडा आहे."

"माहितीये."

"तुझी पर्स इथे असायची ना?" तिने घर स्टुलावर ठेवलं. "हे आता इथे राहील. चष्मा आत, घर बाहेर. उठले की पहिला इथे ठेवेन, म्हणजे बसायचीही भीती नाही."

मला खरं वाटलं नाही. घरी येईपर्यंत मी मनात अंदाज बांधत होते, कामवाल्या बाई की शेजारीण.

महिन्याने पुन्हा गेले तेव्हा शेजारीण चहाला आली होती आणि ते घर तिच्या हातात होतं. आत्या चष्मा लावून पेपर वाचत होती.

"काकू, काय भारी आहे हो हे! माझा पण चष्मा सारखा कुठेतरी पडलेला असतो."

यापुढचं आत्याचं वाक्य मला तोंडपाठ होतं. आवडलं? मग ने की. मी कप खाली ठेवला आणि उगाच कॅलेंडरकडे बघत बसले.

आत्याने हात पुढे केला. घर तिच्याकडून घेतलं, डोळ्यावरचा चष्मा काढून आत ठेवला आणि झाकण लावलं.

"हे नाही मिळायचं," ती म्हणाली. "हे माझं आहे. तुला हवं असेल तर हिला सांग, ती करून देईल."

पुन्हा म्हणून आरीला हात लावणार नाही, असं मी नाक्यावरच्या काकांना ठणकावून सांगितलं होतं. मी उठले, आत्याच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि मुकाट्याने शेजारणीच्या चष्म्याचं माप घेतलं. जाडी धरून.